न सोसणारे अन्न : प्रस्तावना

एखादा पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो, हे सांगायला मराठीत निदान पाच प्रयोग आहेत. दूध सोसत नाही, हरभऱ्याची डाळ बाधते, गहू मानवत नाही, वांग्याचे वावडे आहे, खेकडा खाल्ला की अंगावर पित्त उठते. बोलणाऱ्याला या पाचांतला फरक समजावून सांगता येईलच असे नाही, पण शब्द निवडताना तो सहसा चुकत नाही. ‘सोसत नाही’ म्हणताना प्रश्न प्रमाणाचा असतो : चहापुरते दूध चालते, पेलाभर चालत नाही. ‘वावडे’ म्हटले की कणभरही नको. ‘अंगावर पित्त उठते’ ही तक्रार पोटाची नसून कातडीची असते. वैद्यकाने गेल्या सव्वाशे वर्षांत प्रयोगांनी जे भेद पक्के केले, त्यांतले बरेचसे या बोलण्यात कच्च्या रूपात आधीपासून आहेत.

अन्न-असहिष्णुता हा कोशातला शब्द. दवाखान्यात त्याला इनटॉलरन्स म्हणतात. अन्न शिळे-नासके नाही, शेजारच्या पानावरच्या माणसाला त्याने काही होत नाही, तरीही ठरावीक प्रमाणापुढे एकाला त्रास होतो आणि त्या त्रासामागे रोगप्रतिकार यंत्रणा नसते, तेव्हा त्याला असहिष्णुता म्हणायचे. कारण बहुतेक वेळा साधे असते. एखादी साखर फोडणारे विकर लहान आतड्यात कमी पडते, किंवा ती साखर माणसाच्या आतड्याला मुळात फोडताच येत नाही. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू तो आंबवतात, वायू धरतो, आतड्यात पाणी ओढले जाते. मग पोट फुगते, गुरगुरते, कळ येते, कधी जुलाब होतात.

ॲलर्जी याहून वेगळी. पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळला, धाप लागली, तर तो प्रतिकार यंत्रणेचा उद्रेक असतो आणि घासभर अन्नानेही जीव धोक्यात येतो. तिथे निरीक्षण करत बसायचे नसते, इस्पितळ गाठायचे असते. त्यावरचा पहिला उपचार ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा आहे. तिसरे प्रकरण सीलिॲक आजाराचे. त्यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि ते अस्तर झिजत जाते. चौथी विषबाधा. बांगडा किंवा सुरमई बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन साठते. शिजवूनही ते जात नाही आणि खाणाऱ्यांचे चेहरे लाल होतात, डोके ठणकते. उपासाच्या काळात भगरीच्या पिठाने माणसे इस्पितळात गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. तिथे दोष भगरीचा किंवा खाणाऱ्याच्या पोटाचा नसतो, दमट जागी साठवलेल्या पिठावर वाढलेल्या बुरशीचा असतो. ही चार घरे वेगळी ठेवता आली की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो. निदानाची पद्धत, पथ्याचा कडकपणा आणि धोक्याची पातळी, तिन्ही गोष्टी घरागणिक बदलतात.

हा विषय पाहायला मुळशी तालुका सोयीचा आहे. पश्चिमेला ताम्हिणीचा धोधो पाऊस, खाली भातखाचरे, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. पूर्वेला हिंजवडीच्या कंपन्या आणि पिरंगुटचे कारखाने. मध्ये तालुक्याचे ठिकाण पौड. मावळपट्टीचे जुने जेवण भात, नाचणीची भाकरी, कुळीथ किंवा वालाचे कालवण, पावसाळ्यात रानभाज्या आणि बाजारातून आणलेली सुकट असे होते. गहू सणाचा. पुरणपोळीपुरता तो घरात येई. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, तरी खोऱ्यातली उत्तम भातजमीन पाण्याखाली गेली. पुढे रेशनवर गहू मिळू लागला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो दोन रुपये किलोला आला. पाव, बिस्कीट, खारी, दुधाचा दाट चहा हे तर रस्ता जाईल तिथे पोचले. एका पिढीत ताटातला गहू कैक पटींनी वाढला आणि नाचणी ‘पौष्टिक’ म्हणून पाकिटात शिरली. हिंजवडीच्या बाजूला पंजाब, हरियाणा, बिहार, केरळातून आलेली कुटुंबे आपापले ताट घेऊन राहिली. दूध न सोसणारी मावळी आजी आणि गव्हाने आतडे झिजलेले उत्तर भारतीय मूल आज एकाच डॉक्टरच्या बाकावर शेजारी बसलेले असू शकते. दोघांची तक्रार एकच : पोट बिघडते.

या ज्ञानाच्या वाटा निरनिराळ्या दिशांनी आल्या. चरकसंहितेत ‘सात्म्य’ ही कल्पना आहे : ज्याला जे मानवते ते त्याचे सात्म्य. सवयीने जे मानवू लागते ते ओकसात्म्य. रोग ओळखण्याच्या साधनांत ‘उपशय’ मोजला आहे, म्हणजे एखादा आहार किंवा उपचार देऊन बरे वाटते की वाईट, हे पाहून निदानाकडे जाणे. आजच्या आहार-चाचणीचा गाभा हाच आहे. ग्रहणी (आतड्यातली पचनाची जागा) आणि अग्नी (पचनशक्ती) यांची आयुर्वेदातली मांडणी आधुनिक शरीरशास्त्राशी जशीच्या तशी जुळवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. त्या मांडणीचा आधार वेगळा आहे. ग्रीकांतही हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या लेखनात, चीज सर्वांना सारखेच बाधत नाही, हे निरीक्षण सापडते.

प्रतिकारशास्त्राची वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उघडली. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी दाखवले की एखाद्या द्रव्याची दुसरी मात्रा पहिलीपेक्षा कमी असूनही प्राणी दगावू शकतो; रिशे यांना १९१३चे नोबेल मिळाले. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९२१ मध्ये प्राउस्नित्स आणि क्युस्टनर यांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासा चालत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्नित्स यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि ती जागा सुजली. रक्तातले काहीतरी ही संवेदना वाहून नेते, एवढे त्यातून ठरले. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, हे कळायला १९६६ उजाडले. मधल्या काळात ‘ॲलर्जी’ शब्द इतका सैल झाला की डोकेदुखीपासून चिडचिडीपर्यंत सगळे त्यात कोंबले गेले. १९७६ साली चार्ल्स मे यांनी अन्नाची चाचणी आंधळेपणाने घेण्याचा आग्रह धरला : रुग्णालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही ठाऊक नाही की कॅप्सूलमध्ये संशयित पदार्थ आहे की नुसती भुकटी. अशा चाचण्यांत कितीतरी ‘ॲलर्ज्या’ टिकल्या नाहीत. त्या माणसांना त्रास होत नव्हता असा याचा अर्थ नाही. त्रासाचे कारण दुसरे होते.

गव्हाची कथा युद्धात घडली. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये सीलिॲकचे नेमके वर्णन केले आणि उपाय असेल तर तो आहारातच असेल, हेही सांगितले. पण कोणता आहार? हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा संशय गव्हावर होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि एरवी खंगत जाणारी सीलिॲकची मुले सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५०च्या प्रबंधात डिके यांनी गहू दोषी ठरवला. उष्ण प्रदेशातल्या संग्रहणीचा अभ्यास याच सुमारास भारतात जोरात होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर मोठे काम केले. संग्रहणीतही आतड्याचे अस्तर झिजते, पण गहू बंद करून ते भरून येत नाही. जुन्या मराठी घरांत प्रत्येक चिवट जुलाबाला ‘संग्रहणी’ म्हणत. त्या एका शब्दाखाली किती निरनिराळे आजार झाकले गेले असतील, याची कल्पना यावरून येते.

दुधाचा उलगडा १९६०च्या दशकात झाला. दुधातली साखर लॅक्टोज; ती फोडणारे विकर लॅक्टेज. दूध तोडण्याच्या वयानंतर बहुतेक माणसांत हे विकर कमी होत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. म्हणजे प्रौढपणी दूध न सोसणे हा बिघाड नव्हे, तो माणसाचा मूळ स्वभाव. मोठेपणीही विकर टिकणे हीच नवलाई. या टिकण्यामागचा जनुकीय बदल २००२ साली फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सापडला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की भारतात तोच बदल आहे, वायव्येकडे अधिक आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी होत जाणारा. ‘मोठा पेलाभर दूध घेतल्याशिवाय अंग धरत नाही’ हा सल्ला महाराष्ट्रातल्या सगळ्यांना सरसकट देण्यात काय चूक आहे, ते यातून कळते.

आणखी एक वाट तुलनेने नवी आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि सू शेपर्ड यांनी २००५ साली, सहज आंबणाऱ्या आणि आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरांचा एक गट बांधून त्याला ‘फॉडमॅप’ हे नाव दिले. कांदा, लसूण आणि गहू यांतले फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांतल्या रॅफिनोजसारख्या साखरा, दुधातले लॅक्टोज, काही फळांतले जादा फ्रुक्टोज, साखरविरहित गोळ्यांतले सॉर्बिटॉल हे सारे या गटात येतात. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजे क्षोभी आतड्याच्या रुग्णांत हा गट काही आठवडे कमी केला की पुष्कळांना आराम पडतो. या विचारधारेने जुन्या वादाला वळण दिले. ‘गहू सोसत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांचा शत्रू ग्लूटेन नसून गव्हातला फ्रुक्टन असतो. आतडे आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीवरही तिने लक्ष वेधले : काहींच्या आतड्याला नेहमीइतका वायूही असह्य होतो. हा त्रास मनाचा खेळ नव्हे. तपासणीत काही दिसत नाही म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे बोलून माणसाला परत पाठवणे हा अन्याय आहे.

या वाटांना लागून आता एक बाजारी वाटही निघाली आहे. रक्ताच्या एका नमुन्यातून शंभर-दोनशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणाऱ्या चाचण्या शहरात सहज मिळतात आणि हजारो रुपये घेतात. त्यांत बहुधा आयजीजी हे प्रतिपिंड मोजलेले असते. ते आपण काय खातो एवढेच सांगते, काय सोसत नाही ते सांगत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच असहिष्णुतेच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये असे स्पष्ट केले. रोज भात खाणाऱ्या माणसाच्या अहवालात भातापुढे लाल खूण येणे मग आश्चर्याचे राहत नाही. असा कागद हातात घेऊन भात, तूर, दूध आणि शेंगदाणा एकदम सोडणाऱ्या माणसाच्या ताटात काय उरते? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात उगाच वगळलेला प्रत्येक पदार्थ महागात पडतो.

निदानाची क्रमवारी म्हणून महत्त्वाची. आधी धोक्याची चिन्हे पाहायची : वजन उतरणे, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, न भरून येणारा रक्तक्षय, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, मुलाची उंची खुंटणे. यांपैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवून तपासण्या करायच्या. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. पावसाळ्यात झऱ्या-विहिरीच्या पाण्यातून जिआर्डिया हा परजीवी पोटात जातो आणि काही काळ दूधही न पचण्याची अवस्था आणतो. तिथे उपचार परजीवीवर करायचा असतो, दुधावर नाही. जुलाबातून उठलेल्या लहान मुलाचेही असेच. अस्तर भरून आले की दूध पुन्हा पचते, पण ‘याला दूध चालत नाही’ हा शिक्का मात्र वर्षानुवर्षे टिकतो.

गव्हाचा संशय असेल तर सीलिॲकची रक्तचाचणी, टीटीजी-आयजीए, गहू सोडण्याआधी करायला हवी. हे वाक्य या विषयातले बहुधा सर्वांत उपयुक्त वाक्य आहे. गहू बंद केला की काही महिन्यांत प्रतिपिंडे उतरतात, अस्तर भरू लागते आणि निदानाची खूणच पुसली जाते. मग पुन्हा गहू खाऊन आजार ओढवून घेतल्याशिवाय तपासणी होत नाही. चाचणी होकारार्थी आली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन खात्री करतात. भारतातल्या अभ्यासात उत्तरेकडे शंभरात एकाहून थोड्या अधिक प्रौढांत हा आजार आढळला, दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. आजाराला पोषक जनुके मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी होती, तफावत होती ती खाल्ल्या जाणाऱ्या गव्हात. भाताकडून पोळीकडे सरकणाऱ्या मुळशीसारख्या भागातल्या डॉक्टरांनी ही गोष्ट मनाशी ठेवण्याजोगी आहे.

लॅक्टोजसाठी श्वासाची हायड्रोजन चाचणी आहे. ठरावीक मात्रेत, बहुधा २५ किंवा ५० ग्रॅम, लॅक्टोज पाण्यातून देतात आणि दर अर्ध्या तासाने उच्छ्वासातला हायड्रोजन मोजतात. तो मूळ पातळीपेक्षा दशलक्षात २० भागांनी वाढला तर साखर पचली नाही असे धरतात. पण ५० ग्रॅम म्हणजे साधारण लिटरभर दुधातले लॅक्टोज. एवढे एका बैठकीत कोणी पीत नाही. चाचणी ‘पचत नाही’ म्हणते, तेव्हा ‘मुळीच घेऊ नका’ असा त्याचा अर्थ होत नाही.

बाकी बहुतेक असहिष्णुतांना प्रयोगशाळेची चाचणी नाही. तिथे वही, वगळणे आणि परत आणणे ही तीन पावलेच निदान करतात. वहीत पदार्थ, प्रमाण आणि वेळ लिहायची, त्रास आणि त्याची वेळ लिहायची, शिवाय झोप, पाळी, औषधे, प्रवासही. दोन आठवड्यांत आकृती दिसू लागते. दुधाचा त्रास सहसा अर्ध्या ते दोन तासांत येतो, कांद्या-डाळीचा बऱ्याच उशिरा. म्हणून रात्रीच्या उसळीचे खापर सकाळच्या पोह्यांवर फुटते. मग एक संशयित गट दोन ते सहा आठवडे वगळायचा. आराम पडला तर तो परत आणायचा, एका वेळी एक पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात. हे तिसरे पाऊल बहुतेक जण टाकतच नाहीत. बरे वाटले की तिथेच थांबतात, आणि तात्पुरते पथ्य आयुष्यभराचे होते.

मराठी घरांना ही रीत अपरिचित नाही. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदाभजी आणि थालीपिठे करून खायची आणि पुढे चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करायचे, हा अनेक घरांचा नेम. पोटाच्या दृष्टीने ते चार महिन्यांचे वगळणे आणि कार्तिकात परत आणणे आहे. एकादशीला तर गहू, डाळी, कांदा, लसूण सगळेच एकदम जाते. ‘उपासाच्या दिवशी पोट हलके असते’ हे घराघरात ऐकू येणारे वाक्य डॉक्टरने कान देऊन ऐकावे. त्यावरून निदान होत नाही. त्या दिवशी एकाच वेळी दहा गोष्टी बदललेल्या असतात आणि साबुदाणा-बटाट्याने छातीत जळजळणारेही कमी नाहीत. पण वहीत पहिला प्रश्न कोणता लिहायचा, ते त्यावरून ठरते.

पथ्य सांभाळण्याचा भाग दवाखान्यापेक्षा स्वयंपाकघरात अधिक घडतो. इथल्या स्वयंपाकात लागणारी बरीच साधने आधीच आहेत. दुधापुरते पाहिले तर लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दुधातले, एका वेळी जेवणाबरोबर चालते. दह्यात विरजणाचे जिवाणू काही साखर खातात आणि स्वतःचे विकरही बरोबर आणतात. दही फडक्यात टांगून चक्का बांधला की उरलेली बरीच साखर निथळून खालच्या पाण्यात जाते. म्हणून दूध न सोसणाऱ्याला वाटीभर श्रीखंड सहसा चालते आणि पेढे मात्र त्रास देऊ शकतात, कारण खव्यात दूध आटून साखर दाट झालेली असते. थोडे थोडे दूध रोज घेत राहिल्यास मोठ्या आतड्यातले जिवाणू जुळवून घेतात आणि त्रास कमी होतो. ओकसात्म्य शब्दाची आठवण इथे होते. दूध अगदीच बंद झाले तर कॅल्शियमची सोय नाचणी करते : १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

कडधान्याबाबत भिजवून, पाणी टाकून, मोड आणून, सोलून शिजवण्याची रीत नुसती चवीची नाही. पोट फुगवणाऱ्या साखरांचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो, काही मोड येताना खर्ची पडतो. बिरड्यासाठी वाल सोलण्यात जाणारी दुपार वाया जात नाही. लसणातला फ्रुक्टन पाण्यात विरघळतो, तेलात नाही; म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरता येतो.

सीलिॲकच्या रुग्णाला अशी ढील नाही, त्याचे पथ्य जन्मभराचे आणि काटेकोर. ज्वारी, बाजरी, नाचणी, भात, वरी, राजगिरा एवढी धान्ये हाताशी असताना महाराष्ट्रात ते अवघड वाटू नये, पण अडचण लपलेल्या गव्हाची आहे. फोडणीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो. सातू म्हणजे जव. त्यातही ग्लूटेनचे भावंड आहे. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून दुप्पट भावाने विकला जातो आणि कोणी त्याला ग्लूटेनमुक्तही म्हणते. खपली हा गहूच आहे आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही, हे दुकानाच्या पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच पाळ्यांत ज्वारी पडते आणि पहिल्या किलो-दोन किलोत गव्हाचे पीठ मिसळून येते. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. गिरणीच्या तोंडाला लागलेले पीठ ती सहज ओलांडते. पण याच गिरण्यांत उपासाच्या दळणाची वेगळी वेळ किंवा वेगळी चक्की पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. श्रावणात राजगिऱ्यासाठी जी काळजी घेतली जाते, तीच एका आजारी मुलाच्या ज्वारीसाठी मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही. घरघंटी परवडत असेल तर ती अधिक खात्रीची. पाकीटबंद पदार्थांवर दूध, ग्लूटेन असलेली धान्ये, शेंगदाणा, सोया, मासे, अंडी यांची नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. वजनावर मिळणाऱ्या खारी-फरसाणाला मात्र पाकीटही नसते आणि नोंदही.

हे सारे आता सांगण्याची निकड ताटाच्या बदलण्यातून आली आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, शहरात नाचणीची बिस्किटे आली. त्यांतल्या पुष्कळ बिस्किटांत पहिला घटक मैदाच असतो. एकीकडे पोटाच्या खऱ्या त्रासाला अजून हसण्यावारी नेले जाते, लग्नाच्या पंगतीत ‘एका घासाने काय होतंय’ म्हणून पुरणपोळी वाढली जाते. दुसरीकडे ग्लूटेनमुक्त हा शब्द मिरवण्याचा झाला आहे. या दोहोंचा भुर्दंड तोच माणूस भरतो, ज्याला खरोखर गहू चालत नाही.

प्रस्तुत पुस्तक या मधल्या जागेत उभे राहू पाहते. ते वाचकाला डॉक्टर करत नाही. कोणत्या टप्प्यावर स्वतः निरीक्षण करायचे आणि कोणत्या टप्प्यावर वही घेऊन डॉक्टरकडे जायचे, ही सीमारेषा आखण्यावर त्याचा भर आहे. आयुर्वेदाची भाषा आणि प्रयोगशाळेची भाषा त्यात शेजारी ठेवल्या आहेत, एकमेकींत कालवलेल्या नाहीत. आहाराचे तक्ते परदेशी पुस्तकांतून उचलले की त्यांत ब्ल्यूबेरी आणि क्विनोआ सापडतात, वाल, कुरडू, सुकट, आमसूल सापडत नाहीत. म्हणून इथली मांडणी मावळपट्टीच्या ताटापासून सुरू होते आणि मापे वाटी, पळी, भाकरी यांत दिली आहेत. तान्ह्या मुलांच्या ॲलर्जीला आणि औषधांच्या मात्रांना हात लावलेला नाही. ते तज्ज्ञाच्या देखरेखीचे काम आहे. गरोदर स्त्रिया, वाढती मुले आणि मधुमेही यांनी वगळण्याचा प्रयोग आहारतज्ज्ञाला विचारल्याविना करू नये, हे प्रत्येक ठिकाणी पुन्हा सांगितले आहे.

पुस्तकाच्या शेवटी वहीचा कोरा नमुना जोडला आहे. त्यात वगळलेल्या पदार्थांना एक रकाना आहे, परत आलेल्या पदार्थांना दोन : किती प्रमाणात चालले, आणि कशाबरोबर.